एका गाण्यात झालेला दादा

सासऱ्यांना गुंडांचा पिक्चर दाखवू नये, हे मला आधी कुणी सांगितलं नाही. माझे सासरे नाना धरणगावचे. एकदम शांत माणूस. उजव्या हाताचं एक बोट तरुणपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलंय, एवढीच काय ती त्यांची हकिकत. आमच्याकडे जळगावला आले, म्हणून मी त्यांना थिएटरात नेलं. शाळकरी पोरगा टोळीत जातो आणि मोठा होऊन दादा बनतो, असा पिक्चर.

बाहेर चहा घेताना विचारलं, "कसा वाटला, नाना?"

"सुरुवात एक नंबर. लोक पहिल्यांदा घाबरले की पोराला जी मजा वाटते, ती बरोबर दाखवली. पुढे बठ्ठं खोटं शे."

"सगळं? काय खोटं?"

"एका गाण्यात पोराचा दादा होतो का? आणि पहिल्यांदा चाकू काढला, तरी हात थरथरत नाही?"

मी हसलो. "थरथरतो, हे तुम्हाला काय माहीत?"

नानांनी बशीतला चहा सावकाश संपवला.

"जावईबापू, बोट कडबाकुट्टीत गेलं, हे तुमच्या सासूबाईंना अजून खरं वाटतं. तसंच राहू द्या."