पिवळी भिंत आणि चौदा वकील

हॅलो?… हॅलो, मावशी? मी बोलतेय, वकील… हो, फुकटवाली… नाही हो, राग कसला. आमच्या ऑफिसातही तेच म्हणतात, फक्त जरा लांबलचक करून.

मशीन थांबवता का क्षणभर? ऐकू येत नाहीये… हं. आता आलं.

उद्या अकरा वाजता सुनावणी, ते पक्कं. पण घरमालकाने आज नवा कागद दिलाय. तुम्हाला खोलीतून काढायचं आणखी एक कारण… नाही, शिलाईच्या आवाजाचं ते जुनं. त्याला आपण उत्तर दिलंय, बावीस पानी… हो, दोन पानांत झालं असतं.

नवं कारण भिंत… भिंत, मावशी. तुमच्या भाडेकरारात लिहिलंय, मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूने रंग लावायचा नाही… हो, रंग आम्हीच लावला. गेल्या शनिवारी आमच्या फर्मचा समाजसेवा दिन होता ना… चौदा वकील. तुम्ही मोजले होते?… बरोबर मोजलेत.

करार वाचला नव्हता असं नाही. मीच वाचला होता. पण तो केससाठी. हातात ब्रश असताना कोण करार वाचतं?… हसा, हसा. तुमचा हक्कच आहे.

पुरावा? मालकाने फोटो जोडलेत… आमचेच. आम्हीच वेबसाइटवर टाकले होते. खाली लिहिलंय, 'एक भिंत, एक नवी सुरुवात'.

आता ऐका ना, वाईट बातमी पुढे आहे… होय, अजून. थोरले साहेब म्हणतात, रंग आपल्याच माणसांनी लावला, म्हणजे आपणही या भांडणात आलो. तेव्हा उद्या आमच्यापैकी कुणालाही तुमचा वकील म्हणून उभं राहता येणार नाही… मला पटतं का? पटायचा प्रश्न नाही, नियमच तसा आहे.

दुसरा वकील शोधतोय. तोवर तारीख पुढची मागू… नको?… हो, तीनदा पुढे ढकललीय… खरंय, उद्या असणार की नाही अशा शिंपिणीकडे कोण कापड टाकेल?

मग एकट्याच उभ्या राहणार?… येतं की राहता. कुणी अडवत नाही. न्यायाधीश विचारतील तेवढंच बोलायचं. मालकाच्या सात पिढ्या काढायच्या नाहीत… एकही नाही, मावशी. आजोबासुद्धा नाही.

साक्षीदार? आणा ना. शेजारीण होती का त्या दिवशी?… मग कोण?

मी?

अहो, मी कशी… मी वकील आहे… हो, मोठा ब्रश माझ्याच हातात होता… मावशी, खरं सांगू? मी आयुष्यात कोर्टात उभी राहिलेली नाही. मी कंपन्यांचे करार लिहिते. बसून… आधी सांगायला हवं होतं, कबूल.

आणि साहेबांना विचारावं लागेल… नकोच म्हणतील… हो, म्हणजे न विचारताच यावं लागेल.

…

येते… येते म्हटलं ना. साडेदहाला, कोर्टाच्या फाटकापाशी.

आत्ता? तालीम?… बरं. विचारा.

हो, रंग मी आणि माझ्या सहकाऱ्यांनी लावला… नाही, तुम्ही बोलावलं नव्हतं… तुम्ही शिवत होतात. आम्ही आत शिरलो, तेव्हा सगळं कापड उचलून पलंगावर ठेवलंत.

हो… तुम्ही म्हणाला होतात काहीतरी… आठवतंय. चांगलं आठवतंय. 'भिंतीला काही झालेलं नाही, मालक ओरडेल, एवढे जण आलात तर तो गळका नळ बघा.'

मग मी… मी म्हटलं, 'लाजू नका, मावशी,' आणि स्टूल सरकवलं.

हो. न्यायाधीशांसमोर असंच सांगेन… याच शब्दांत…

'लाजू नका' हेसुद्धा?

…बरं. सांगते. ठेवा.