भुवईचे चार टाके

(शिरूरमधल्या एका दवाखान्यातली ड्रेसिंगची खोली, दुपार, सन २००१. दहावीतली जास्मिन टेबलावर पडलेली, डाव्या भुवईवर ओली पट्टी. शेजारी तरुण डॉक्टरबाई. खिडकीबाहेर जास्मिनच्या दोन मैत्रिणी.)

जास्मिन: विचारतेच. तुम्ही याआधी किती जणांना टाके घातलेत?

डॉक्टर: खिडकीतल्या त्या दोघींनी शिकवून पाठवलंय ना हे?

जास्मिन: रुबी म्हणाली, दम असेल तर विचार, न्हाईतर उद्यापासून खो-खोची कॅप्टन मी. आता विचारलं. सांगा ना.

डॉक्टर: सतरा.

जास्मिन: सतराच?

डॉक्टर: हात, पाय, एक गुडघा, डोक्याच्या मागं दोन. चेहऱ्यावर एकही नाही. तू पहिली.

जास्मिन: मॅडम, निदान पन्नास तरी सांगायचं. मला काय कळणार होतं?

डॉक्टर: आणि मग दुखेल का, डाग राहील का, हे तू कुणाला विचारणार? मलाच ना? मी सांगेन ते तुला खरं वाटायला नको?

जास्मिन: बरं, विचारते. दुखेल का?

डॉक्टर: सुन्न करायचं इंजेक्शन दुखेल. मनात वीस मोजेपर्यंत. मग चार टाके, ते घालताना नुसतं ओढल्यासारखं वाटेल. तरी दुखलं तर हात वर कर, मी थांबेन.

जास्मिन: शाळेत टोचायला आले होते ते म्हणाले, मुंगी चावल्यासारखं होतं. आमची वनिता तिथंच आडवी. आता खिडकीतून मला धीर देतीय.

डॉक्टर: मी पण मुंगीच म्हणायचे. इथं आले त्या पहिल्याच दिवशी मुक्ताबाई सिस्टरांनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, तू खोटं बोललीस की पेशंट हात आखडतो, मग शीर सापडत नाही, आन् मग तू घाबरतेस. कॉलेजात हे कुणी लिहून दिलं नव्हतं.

जास्मिन: म्हंजी तुम्ही अजून शिकताय?

डॉक्टर: परीक्षा झाली. आता वर्षभर मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचं, मग पक्की डॉक्टर. सर पलीकडं बाळंतपणात आहेत. जाताना तुझी जखम बघून गेले. टाके तुम्हीच घाला म्हणाले, सिस्टर जवळ राहतील, अडलात तर हाक मारा. पण तू पंधरा वर्षांची. घरचे येऊन सही केल्याशिवाय मी सुई हातात घेणार नाही.

जास्मिन: वनितानं पीसीओवरून फोन केलाय. येतीलच. मॅडम, मघाशी ते दवाखान्यातले वॉर्डबॉय मामा ब्लेड घेऊन आले, त्यांना का हाकललंत?

डॉक्टर: हाकललं नाही, थांबवलं. डोक्याला लागलं की आधी केस काढायचे, ही त्यांची सवय. भुवईचे काढायचे नसतात. परत नीट उगवतील याचा भरवसा नाही. आणि केस गेले की रेघ कुठं जुळवायची तेच कळत नाही. जखमेच्या इकडची भुवई आणि तिकडची भुवई, दोन्हीची कड एका रेघेत यायला हवी. पहिला टाका तिथं. तो चुकला की बाकीचे कितीही छान घाला, भुवईला पायरी पडते.

जास्मिन: पायरी?

डॉक्टर: जिन्याला असते तशी. ती मग तशीच राहते. बारीक डाग तर कुणीही टाके घातले तरी राहतो.

जास्मिन: हे नसतं सांगितलं तरी चाललं असतं.

डॉक्टर: तूच विचारलंस.

जास्मिन: अजून एक. तुमचं कवा चुकलंय का? हा प्रश्न रुबीचा न्हाई, माझा हाय.

डॉक्टर: चुकलंय. मांडवगणचे सोपानराव आले होते. ऊस तुटलेल्या रानात अनवाणी चालले, तळपाय हा एवढा फाटलेला. मी धुतला, पाच टाके घातले. इतके सुरेख, की माझी मीच बघत बसले. तिसऱ्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजून आला. टाके उसवले तर आत उसाच्या धसकटाचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा.

जास्मिन: आत बघितलं न्हवतं?

डॉक्टर: वरवर बघितलं. पायात काय घुसलं, मोडलं का, हे विचारलंच नाही. मी खुटबावची, बापाच्या उसात वाढलेली. धसकट म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? पण अंगात एप्रन घातला आणि ते सगळं जणू घरीच राहिलं.

जास्मिन: मग त्यांना काय सांगितलं?

डॉक्टर: झालं तेच. माझं बघायचं राहिलं म्हणून. स्टूल ओढून शेजारी बसले आणि सांगितलं. अशी गोष्ट उभ्यानं सांगायची नसते, हेही सिस्टरांचंच. वाटलं, आता ओरडतील. त्यांनी पाय परत माझ्यापुढं केला. मग म्हणाले, पुढच्याचं बघशील ना, पोरी?

जास्मिन: म्हणून मला तीनदा विचारलंत, मी आपटले तो खो-खोचा खांब लाकडी का लोखंडी. आन् माझा ड्रेस भिजेपर्यंत धूत बसलात.

डॉक्टर: म्हणूनच. कुसळाएवढी ढलपी निघाली, बघ त्या वाटीत.

जास्मिन: वर आज वार कोणता ते विचारलं. मला वाटलं, यांनाच माहीत न्हाई.

डॉक्टर: डोकं आपटलेल्याला विचारावं लागतं. उलटी, चक्कर, काय आठवतंय, सगळं. जखम दिसते म्हणून फक्त जखमेकडं बघायचं नसतं.

जास्मिन: मॅडम, तुम्हाला भीती वाटतीय?

डॉक्टर: व्हय.

जास्मिन: आत्ता खुटबावचं बोललात. हात थरथरला तर?

डॉक्टर: करंगळी तुझ्या कपाळावर टेकवीन. हात टेकलेला असला की सुई हलत नाही. तरी हललीच तर थांबेन आणि सरांना बोलवीन. थांबण्यात काही कमीपणा नाही. लोक काय म्हणतील म्हणून रेटत राहायचं, त्यानं घात होतो.

जास्मिन: आमचे अब्बा पण करंगळी टेकवतात. डेपोच्या मागं दुकान हाय, जीप-टेम्पोची सीटं शिवतात. अम्मीला घेऊन आले बघा. रुबी हात करतीय. म्हणती, रिजवानचाचाची जीप घेऊन आलेत.

अब्बा: उठ बेटा. गाडी चालूच ठेवलीय. सरळ पुण्याला जायचं, मोठ्या दवाखान्यात. बाहेर कळलं मला, इथं शिकाऊ बाई हाय म्हणून.

अम्मी: पोरीचा चेहरा हाय, मॅडम. तो कुणाला शिकायला न्हाई देता येत.

डॉक्टर: बरोबर आहे तुमचं. न्यायचं असेल तर न्या. पुण्याला पोचून टाके पडले तरी उशीर होत नाही. मी पट्टी घट्ट बांधते, काय काय बघितलं त्याची चिठ्ठी देते. मी शिकाऊ आहे, चेहऱ्यावर टाके घातलेले नाहीत. तिला सांगितलंय, तुम्हालाही सांगते.

अब्बा: असं तोंडावर सांगतंय व्हय कुणी?

जास्मिन: मला पण सांगितलं. अब्बा, दुकानात नवा कारागीर आला की पहिलं सीट कुणाचं देता?

अब्बा: तो इषय येगळा हाय.

जास्मिन: कुणाचं?

अब्बा: आपल्या राजदूत फटफटीचं. पण मी शेजारी बसतो. खडूनं रेघ मारून देतो. आन् बिघडलं तर सीट उसवता येतं. चेहरा उसवता येतो का?

जास्मिन: न्हाई येत. ते मॅडमला माहिती हाय. एकदा उसवावं लागलंय त्यांना, तेबी लपवलं न्हाई. सिस्टर शेजारी बसणार हायत, सर भिंतीपलीकडं. आन् रेघ तर माझ्या भुवईलाच हाय. मामा ती ब्लेडनं काढत होते, यांनी काढू दिली न्हाई.

अम्मी: आन् राहिला डाग तर? उद्या कुणी बोललं तर?

जास्मिन: डाग थोडा राहणारच हाय, अम्मी, पुण्यात बी. पायरी नको पडायला. पुण्यातल्या डॉक्टरला मी काय विचारणार? तिथं मला कोण सांगणार, सतरा का सतराशे?

अब्बा: मॅडम, खरंच अडलं तर हाक मारणार?

डॉक्टर: मारणार. तुमच्या देखत.

जास्मिन: मी पुण्याला येत न्हाई. इथंच घालून घेणार, यांच्याच हातानं. अम्मी, तू हिकडं ये, हा हात धर. अब्बा, तुम्ही सही करा, गाडी बंद करून या, आन् मग कुणी बोलू नका. पहिला टाका रेघेवर घालायचाय त्यांना.