चिखलदऱ्याला, ॲम्ब्युलन्सनं

…आणि वर सगळ्या मलाच म्हणतात, ‘नशीब काढलंस बाई, नवऱ्यानं चाकावरचं घर बांधून दिलं!’ दिलं ना, नाही कुठं म्हणते मी? पण ते घर होण्याआधी काय होतं, हे एकीनं तरी विचारावं? ॲम्ब्युलन्स! तुम्हाला सांगते, कुठल्याशा दवाखान्यानं मोडीत काढलेली ॲम्ब्युलन्स. आमच्या ह्यांचं, रत्नपालचं, वसमतला वेल्डिंगचं दुकान आहे, गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असली कामं. ह्यांनी ती लिलावात उचलली आणि चार महिने दुकानाचं शटर पाडलं की तिच्यात शिरून ठोकठोक केली. स्ट्रेचरच्या जागी पलंग, सलाईनच्या हुकाला कांद्याची पिशवी, ऑक्सिजनची टाकी होती तिथं छोटा गॅस. वरून पोपटी रंगाचे दोन हात. पण खालची ‘ॲम्ब्युलन्स’ची लाल अक्षरं अशी चिवट, की ऊन चढलं की पोपटी रंगातून वर येतात, तीही उलटी! फिरायला निघालेली आमची जगातली पहिलीच नवी जोडी असेल, जिला समोरचा ट्रकवाला टोपी काढून वाट देतो…

तुम्ही म्हणाल, मग बसलीस कशाला त्या गाडीत? हौस होती का? हौस कसली हो… मला एक सांगायचं होतं.

आता बघा, लग्नाला दीड महिना झालेला. तीन खोल्यांत आम्ही अकरा माणसं. सासू-सासरे, दोन दीर, जाऊबाई, त्यांची लेकरं, आणि कायम कुणीतरी एक पाहुणा जो ‘उद्या जातो’ म्हणून आलेला असतो. दीड महिन्यात नवऱ्याशी माझं बोलणं काय झालं? ‘टॉवेल कुठंय?’ ‘दोरीवर.’ ‘मीठ?’ ‘डब्यात.’ मी मुळात कमी बोलणारी, आणि हे माझ्याहून एक घर पुढं. सासूबाई तर शेजारणीला सांगायच्या, ‘आमच्या घरात ही दोघं राहत्यात, पण आवाज भिताडाचाच जास्त येतो.’

आणि मला सांगायचं होतं ते टॉवेल-मिठाइतकं लहान नव्हतं. लग्नाआधी मी वनरक्षकाची परीक्षा दिली होती. निकाल लटकला तो लटकलाच, सगळे विसरले, मीसुद्धा विसरल्यासारखं केलं. आणि लग्नानंतर महिन्यानं माहेरी ऑर्डर आली. भावानं फोटो पाठवला. नेमणूक गडचिरोली. सोमवार, चोवीस फेब्रुवारीला हजर व्हा, न झाल्यास नेमणूक रद्द. तो फोटो मी मोबाइलमध्ये असा लपवला, जसा दुसरा कुणी भलताच फोटो लपवेल! कारण बघायला आले तेव्हा सासरे म्हणाले होते, ‘नवकरीबिवकरीची काय गरज हाय, आमच्या घरी कशाची कमी हाय?’ आणि मी चहाचा ट्रे धरून खाली बघत होते. खाली बघितलं म्हणजे पोरगी हो म्हणाली, असं आपल्याकडं धरतात. मी तर कपात माशी पडली होती म्हणून खाली बघत होते. पण आता कुणाला सांगणार?

तर पंधरा तारखेला निघायचं, चिखलदऱ्याला जायचं, तिथं त्या थंड हवेत, दरीच्या कडेला, दोघंच असताना सांगायचं, असं मी ठरवलं होतं. वसमतहून चिखलदरा म्हणजे एका दिवसाची वाट. हे म्हणाले, ‘निवांत जाऊ, घरच संगं हाय.’ मी म्हटलं, बरं. निवांत म्हणजे किती निवांत असेल? दोन दिवस?

तुम्हाला सांगते, पहिल्या दिवशी आम्ही बावीस किलोमीटर गेलो! औंढ्याच्या अलीकडं ह्यांच्या मामांचं गाव. शेषरावमामा. गावाबाहेर हळद शिजत होती, सगळ्या शिवारात तो वाफाळ वास, आणि त्या वाफेतून मला वाटलं हीच वेळ… मी घसा साफ केला, म्हटलं, ‘अहो, मला एक सांगायचं होतं…’ तेवढ्यात काचेवर टकटक! मामा! रस्त्याच्या मधोमध! ‘काहून हो जावईबापूचं लेकरू, मामाच्या दारावरून न जेवता चालून राहिलं व्हय?’ आता नवं जोडपं गावावरून गेलं आणि न जेवता गेलं, म्हणजे त्या घराची गावात शोभा झाली, हे मला कळत नाही असं नाही. जेवलो. मामी म्हणाल्या, ‘रातचं मटण हाय, आता कुठं जाता?’ राहिलो. सकाळी निघताना मामांनी हळदीचं अर्धं पोतं पलंगाखाली सरकवलं. ‘घर हाय ना तुमचं, मंग घरात हळद नगो?’

दुसऱ्या दिवशी औंढ्यात ह्यांचा मित्र, तिसऱ्या दिवशी हिंगोलीत चुलतबहीण. प्रत्येक दारात साडी, प्रत्येक दारात जेवण, आणि जेवण झालं की अख्खी गल्ली घर बघायला गाडीत! एक आजी तर पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, ‘गेल्या साली मी ह्याच्यातच गेल्ते नांदेडला. तवा इतकं मऊ नव्हतं.’ आता बोला!

चौथ्या दिवशी सेनगाव. वाकडी वाट, चिखलदऱ्याच्या रस्त्यावर सेनगाव येतच नाही, पण हे म्हणाले, ‘आत्याला तोंड दाखवून येऊ, उगी तिला वाईट वाटाया नगो.’ आत्या म्हणजे जनकाबाई. दुपारचं ऊन, आणि ऊन म्हटलं की ती लाल अक्षरं! आत्या ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या. त्यांनी गाडी बघितली, गाडीवर ह्यांनी रंगवलेलं ‘रत्नपाल’ नाव बघितलं, सूप टाकलं, आणि जो गळा काढला… ‘माझ्या रत्न्या रेऽऽ! दीड महिन्याची नवरी ठेवून कुठं गेलास रेऽऽ!’ दोन मिनिटांत पन्नास माणसं. पुरुषांनी टोप्या काढल्या. एक जण तर मला म्हणाला, ‘धीर धरा, वहिनी.’ आणि हे खाली उतरून आत्यासमोर उभे, ‘अगं आत्या, मी हाय की! हा काय!’ आत्यांनी ह्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, ‘मेल्या, मंग आधी सांगायचं न्हाई? आता आलेलं रडू मी कुठं ठिवू?’ आणि आणखी थोडं रडून घेतलं. मग कोंबडी कापली. दुसरी कोंबडी जिवंत, पाय बांधून, तुरीच्या पोत्यासकट आमच्या गाडीत. ‘पोरीला अंडी चारत जा, लई वाळकी हाय.’

हसता ना? हसा. पण मी त्या रात्री जागी होते. अठरा तारीख झाली होती. पलंगावर एका कुशीला तुरीचं पोतं, दुसऱ्या कुशीला नवरा, डोक्याशी कोंबडी. मी हळूच म्हटलं, ‘झोपलात का? मला एक सांगायचं होतं.’ आणि अंधारात मला स्पष्ट कळलं की हे जागे आहेत. झोपलेल्या माणसाचा श्वास असा मोजून मापून येत नाही. पण हे बोलले नाहीत. मीही नाही. कोंबडी तेवढी बोलली.

मग परत हिंगोली, आणि तिथून कनेरगाव नाका. तिथं उत्तमसिंग यांचा ढाबा, त्याचं शटर ह्यांनी बसवून दिलेलं. त्यांनी हात केला, ‘रत्नपालभाऊ, बिना खाये जाओगे?’ झालं. वीस तारीख गेली, एकवीस गेली. तिथून पुढं जरासं गेलं की वाशीम जिल्हा लागतो हो! आठवडाभर फिरून आम्ही आमचा जिल्हासुद्धा ओलांडला नव्हता. आणि हे काय करत होते? गाडीखाली पडून होते. ‘सायलेन्सर हलून राहिलं.’ मी गुपचूप बघत होते. मला दुसरं काय येतं? बघता येतं. सायलेन्सर हलत नव्हतं. हे एकच नट सोडत होते, पुसत होते, परत आवळत होते. दोन दिवस. तोच नट.

बावीस तारीख, शनिवार. सकाळी मी गाडीच्या मागं गेले. ह्यांचे फक्त पाय बाहेर. मी त्या पायांशी जमिनीवर बसले. आजूबाजूला बघितलं. कुणी नाही. काच नाही, टकटक नाही. आणि मी त्या दोन चपलांना म्हटलं, ‘मला एक सांगायचं होतं.’

पाना थांबला.

मग खालून आवाज आला, ‘गडचिरोलीचं ना?’

तुम्हाला सांगते, ढाब्यावरचा रेडिओ चालू होता, ट्रक जात होते, पण मला काही ऐकूच येईना. म्हटलं, ‘तुम्हाला कसं…?’

‘तुझ्या पप्पाचा फोन आल्ता. निघायच्या आदल्या दिशी. म्हणले, जावईबापू, साक्षीची ऑर्डर आली, चोवीसला हजर व्हायचंय, पेढे कधी वाटायचे?’

‘मग आठ दिवस बोलला का नाहीत?’

पाना परत एकदा फिरला. मग म्हणाले, ‘मामाला फोन मीच केल्ता. आत्यालाबी, गाडी कंची तेवढं सांगायचं राहिलं. म्हणलं, आमी येऊन राहिलो, जेवाय करा, लवकर सोडू नका.’

‘का?’

‘म्हणलं… जेवता जेवता चोवीस तारीख निघून जाईल.’

मी आठ दिवस सगळ्या गोताला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या! आणि ती बिचारी माणसं तर सांगितलेलं काम करत होती… जन्मात पहिल्यांदा मी आवाज चढवला, आणि तोही माणसाच्या पायांवर. म्हटलं, ‘मी पळाले होते हो त्या नोकरीसाठी! तीन किलोमीटर! अर्ध्यात एका बुटाचा तळ निघाला, तो फेकला आणि एका बुटावर पळाले. टाच सोलून निघाली. महिनाभर लंगडत होते. आणि तुम्ही मला मटण खाऊ घालून ती तारीख घालवत होता?’

हे सरपटत बाहेर आले. तोंडाला ऑइल. माझ्याकडं बघितलं नाही, माझ्या पायाकडं बघितलं. टाचेवर वण आहे, अजून आहे. म्हणाले, ‘हे मला कुणी सांगितलं न्हाई.’

‘तुम्ही कुणाला विचारलं?’

‘भ्यालो,’ म्हणाले. ‘तू आता कुठं घरात हसून राहिली होतीस. म्हणलं, गेली की परत टॉवेल कुठंय विचारायलाबी कुणी न्हाई.’

मला हसू यावं की रडू यावं, काहीच ठरेना. मी म्हटलं, ‘अहो, टॉवेल दोरीवरच असतो.’ आणि मग रडलेच.

हे उठले. हात धुतले. कोंबडी उत्तमसिंगना देऊन टाकली. ते म्हणाले, ‘अरे, खाना?’ हे म्हणाले, ‘नको.’ आठ दिवसांतला पहिला ‘नको’! स्टेअरिंगवर बसून घरी फोन लावला, स्पीकरवर. ‘आई, आमी गडचिरोलीला चाललो.’ तिकडून सासूबाई, ‘गडचिरोलीला? तिथं कोण हाय रं आपलं?’

ह्यांनी किल्ली फिरवली. मग म्हणाले, ‘साक्षी राहणार हाय.’

तिकडं अकरा माणसांचं घर, आणि एकाचाही आवाज नाही. मग सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘बराबर जेवा दोघं.’ त्यात होकार होता का नव्हता, मला अजून कळलेलं नाही. सासरे तर महिना झाला माझ्याशी बोललेले नाहीत. फोन दुसऱ्याच्या हातात देतात.

आणि तुम्हाला सांगते, ज्या माणसानं आठवड्यात मला दीडशे किलोमीटर नेलं, त्यानं रविवारी दिवेलागणीला गडचिरोली गाठली. वाटेत एक मामा नाही, एक आत्या नाही. समोरचे ट्रक बाजूला होत होते, आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही. सोमवारी दहाला दहा मिनिटं कमी असताना मी ऑफिसच्या दारात होते.

चिखलदरा? राहिला. हे म्हणाले, ‘चार दिवस थांबतो, तुला खोली मिळंस्तोवर.’ बरं म्हटलं. आता महिना होत आला. खोल्या सहा बघितल्या. एकीत नळाला धार बारीक, एकीत खिडकीला जाळी नाही, जी जाळी हे स्वतः अर्ध्या दिवसात बसवू शकतात! एका ठिकाणी तर म्हणाले, ‘घरमालकाचं कुत्रं मला पटलं न्हाई.’ वसमतचं दुकान धाकटा दीर सांभाळतो, आणि हे इथं ऑफिससमोरच्या मोहाच्या झाडाखाली गाडी लावून बसलेत. परवा तर कुणाचं तरी गेट दुरुस्तीला आलं. मी काही बोलत नाही. मी मुळात कमी बोलणारी.

काल ऑफिसातले बाबू माझी कागदपत्रं भरत होते. म्हणाले, ‘मॅडम, सध्याचा राहण्याचा पत्ता सांगा.’ मी आपला गाडीचा नंबर सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवला. म्हणाले, ‘मॅडम, हा पत्ता कसा होईल? गाडी म्हणजे आज इथं, उद्या तिथं.’

म्हटलं, ‘लिहा साहेब, बिनधास्त लिहा… ती काही हलत नाही.’