दिलेले तास

(विद्यापीठाचा भूगोल विभाग. प्रमुखांची खोली.)

प्रमुख : दार लावून घेते, ताई. बाहेर सगळे कान टवकारून बसलेत.

ताई : म्हणजे कमी करायच्या यादीत माझंच नाव आहे. नाहीतर दार कशाला लावलं असतंस?

प्रमुख : बसा ना आधी.

ताई : बसले. दोन विद्यापीठं एक झाली, दोन भूगोल विभागांचा एक झाला, माणसं जास्त झाली. इथवर मला कळतं. पण त्यात जास्तीची मी कशी? तुझ्या कितीतरी आधी लागलेय.

प्रमुख : नोकरीची वर्षं धरलीच नाहीत त्यांनी. नव्या मनुष्यबळ आराखड्यात फक्त कार्यभार बघितलाय. आठवड्याला कोण किती तास शिकवतं, एवढंच. तुमचे सगळ्यांत कमी भरले.

ताई : का कमी भरले, ते सांगितलंस?

प्रमुख : ताई...

ताई : सांगितलंस का?

प्रमुख : सांगितलं. म्हणाले, वेळापत्रकात ज्याचं नाव, त्याचा तास.

ताई : अगं, तू कायम व्हावीस म्हणून दिले होते ते. तास भरत नव्हते तुझे. त्यात दिवस गेलेले, इथेच रडत बसली होतीस. मी म्हटलं, माझे घे, मला काय धाड भरलीय, मी कायमच आहे.

प्रमुख : विसरले नाही मी.

ताई : परत मागायचं मात्र कधी सुचलं नाही. अक्कल गहाण टाकली होती.

प्रमुख : मीही दिले नाहीत. सोयीचं होतं मला. खोटं कशाला बोलू?

ताई : मग आता दे.

प्रमुख : तुमचे दिले की माझे कमी पडतात. मग मी जाते. आणि यादी सकाळीच वर गेली, ताई. माझ्या सहीनं.

ताई : ह्यांचं डायलिसिस विद्यापीठाच्या विम्यावर चाललंय. ठाऊक होतं ना तुला?

प्रमुख : हो.

ताई : तरी केलीस सही.

प्रमुख : माझीही दोन मुलं आहेत. म्हणून एक मार्ग काढलाय. या विलीनीकरणाच्या कामात मला शिकवायला वेळ मिळणार नाही. माझे काही तास घ्यायला माणूस लागेल, तासिका तत्त्वावर. तुमचं नाव सुचवलंय.

ताई : कुठले तास?

प्रमुख : तेच. तुम्ही दिलेले.

ताई : आणि विमा?

प्रमुख : तासिकेवाल्यांना विमा नसतो.

ताई : वेळापत्रकात नाव?

प्रमुख : माझंच राहील.

ताई : बरं. कधीपासून यायचं?

प्रमुख : सोमवारपासून. पण नको वाटत असेल तर नाही म्हणा, ताई.

ताई : नाही म्हणायला घरात दुसरं कुणी कमावतं लागतं.

प्रमुख : मग निदान रागवा तरी. पूर्वी कशा फाडून खायचात मला.

ताई : आता कशी रागावणार, मॅडम? माझ्या तासांवर दर महिन्याला तुमचीच सही लागणार.