तिसऱ्या दिवशीचा ठिपका

—आतून, अम्मा. अंड्याच्या आतून. कवच फुटायच्या आदल्या दिवशी पिल्लू आत बसूनच बोलायला लागतं. बारीक आवाज, कुणी भिंतीपलीकडे काचेवर नख ओढावं तसा. एक बोललं की शेजारचं बोलतं, मग सगळं मशीन बोलतं. चोवीस वर्षांचा होतो मी, गुम्मिडिपूंडीच्या वाटेवर अंडी उबवायच्या कारखान्यात लागलो तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पन्नास वर्षं झाली, कानातून गेलं नाही. हे तुम्हाला का सांगतो? तुम्ही मघाशी म्हणालात, आजोबा, जीव कसा घडतो ते तुम्हाला सोपं करून सांगते. सांगा, सांगा. पण मी चौथी शिकलेला असलो तरी तेवढं एक पाहिलेलं आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंडं दिव्यासमोर धरायचं. आत लाल ठिपका दिसतो, मोहरीएवढा, आणि तो हलत असतो. चोच नाही, पाय नाही, पिल्लू म्हणावं असं काहीच नाही, पण ठिपका हलतोय. ज्यात हलत नाही ते अंडं बाजूला. तेच माझं काम. तेहतीस वर्षं.

हळू बोला, श्रीनिधी आत झोपली आहे. डोकं दुखतं म्हणून कॉलेजला गेली नाही. नात माझी, माझ्या मुलाची, सुंदरची मुलगी, एकोणीस पूर्ण झाली. सून वसंता शाळेत शिकवते, ती चारशिवाय येत नाही — तुम्हाला ठाऊकच असेल. तीनदा आलात, तिन्ही वेळा ती नसतानाच आलात. योगायोग असेल. मी काही म्हणत नाही. आणि ती पिशवी तिथे नको, इथे समोर ठेवा. आत काय आहे? नळ्या. हं. रक्ताच्या नळ्याच असतील.

तुमची मराठी गोड आहे हो, साताऱ्याची म्हणालात ना? आमची तंजावरची, अर्धी तमिळ झालेली. तुम्ही पहिल्यांदा दारात आलात आणि मराठीत बोललात तेव्हा मी लगेच आत घेतलं, पाणी दिलं, मुरुक्कू दिलं. मग रात्रभर विचार केला, एवढ्या मोठ्या शहरात तुमच्या प्रयोगशाळेनं माझ्याकडे पाठवायला नेमकी मराठी बोलणारी मुलगी कुठून शोधली? मुद्दामच शोधली असणार. हसू नका. म्हाताऱ्याला गोड बोलून सही घ्यायची हीच रीत असते.

पाच वर्षांपूर्वी अशीच घेतली होती. सुंदर श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात होता, लाइनवर भोंगा झाला आणि तो पडला. इस्पितळात नेलं, हृदयाच्या ठोक्यात उपजत खोड आहे म्हणाले. गोळ्या दिल्या. आणि एका डॉक्टरनं दंडाचं नखाएवढं कातडं मागितलं, संशोधनाला. सही त्याची, खाली साक्षीदार म्हणून माझी. तुकोजी. मला वाटलं, नखाएवढं कातडं, दाढी करताना याहून जास्त जातं. आणि दोन वर्षांनी माझा मुलगा गेला. आता तुम्ही येता, फोन काढता, आणि मला दाखवता, बशीत गुलाबी पाण्यात काहीतरी हलतंय, आजोबा, या तुमच्या मुलाच्या हृदयाच्या पेशी.

पुन्हा दाखवा. नाही, राहू दे. नको.

तुम्ही म्हणता ते कातडं मागे नेलं. पार सुरुवातीला, जिथून काहीही होऊ शकतं तिथपर्यंत, आणि मग तिथून पुढे वाढवून हृदय केलं. अम्मा, मी लाखो अंडी हाताळली. पाचव्या दिवसाचं अंडं पहिल्या दिवसाला जाताना मी पाहिलं नाही. पुढे जातं, नाहीतर सडतं. हे मागे नेणं तुम्ही कुणाला विचारून केलंत? त्यात लिहिलं होतं? कागद इंग्रजीत होता. सुंदरनं वाचला असेल. असेल.

पण खोटं आहे असंही म्हणवत नाही, तेच तर. कारण ते हलताना मी पाहिलं. तीन ठोके नीट, चौथा अडखळतो, थोडा वेळ थांबतो, जसं कुणी उंबरठ्यावर विसरून उभं राहावं, आणि मग पुन्हा सुरू. लहानपणी तो माझ्या छातीवर झोपायचा. हेच लागायचं हाताला. मी त्याच्या आईला म्हणायचो, याचं घड्याळ जरा वेगळं चालतं. हसायचो आम्ही.

फोनमधल्या त्या चित्राखाली तारीख होती, ती मी लिहून घेतली, तुम्हाला कळलं नाही. बशीतलं सुरू झालं ते मार्गळी महिन्यात. सुंदर गेला तो पुढच्याच तै महिन्यात. म्हणजे आधी तिकडे सुरू झालं, आणि महिन्याभरानं इकडे थांबलं. — नाही, ऐका. जीव एकच असतो ना? तो दोन ठिकाणी कसा धडधडेल? — त्याचं काही कमी झालं नाही म्हणता. तुम्ही म्हणणारच. मोहरीएवढा ठिपका असतो, अम्मा, पण तोच सगळं असतो. मागच्या आठवड्यात त्याची तिथी होती. वाध्यार आले, आमचे भटजी, केळीची पानं आणली, तीळ आणले, आणि मी त्यांना दारातून परत पाठवलं. ज्याचं काळीज कुठेतरी हलतंय त्याला पिंड कसा द्यायचा, सांगा. वसंता दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. श्रीनिधीनं विचारलं, ताता, अप्पाचं का नाही केलं? म्हटलं, सोयर आहे. लांबच्या नात्यातलं.

काय? नाही. ते मागच्या वेळीही विचारलंत. घरात दुसऱ्या कुणाला चक्कर येत नाही. कुणालाही नाही. श्रीनिधी ठणठणीत आहे, तांबरमपासून रोज लोकलनं जाते, जिने धावत चढते. तिचं रक्त कशाला? तिचं काही नको. एक नखाएवढं दिलं, ते पुरे झालं.

तिकडे काय पाहताय? बेल बिघडली आहे. — हो, तारा कापलेल्या दिसतात, बिघडली की कापाव्याच लागतात. तुम्ही दार ठोठावलंत, ऐकलं ना मी? मग झालं. — कुकर? वसंता भात पातेल्यात करते. चव चांगली लागते. माझी सवय आहे ती. घरात भिंतीवर घड्याळ नाही, कारण, कारण टिकटिक मला आवडत नाही. आणि श्रीनिधीच्या फोनला आवाज नाही, मीच बंद ठेवायला सांगितलं, दचकते ती—

दचकते म्हणजे. सगळेच दचकतात.

अशा बघू नका, अम्मा. बरं. आडी महिन्यात, म्हणजे तुमच्या आषाढात, एकदाच. कुरिअरवाला आला, त्यानं बोट बेलवरून काढलंच नाही. ती इथे, तुम्ही बसलात तिथेच, पुस्तक घेऊन बसली होती. बेल वाजली आणि ती खाली. डोळे वर. मी मोजले. अंडं दिव्यासमोर धरून मोजायचो ना, ती सवय. अकरा. अकरा म्हणेपर्यंत ती नव्हती. मग आली. मी म्हटलं, कण्णा — लाडानं तसंच म्हणतो तिला — शुक्रवारचा उपवास केलास ना, म्हणून झालं. तिला पटलं. तिच्या आईला कळू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून बेल कापली. — हो, ठाऊक आहे मला. सुंदरलाही आवाजानंच व्हायचं. डॉक्टर म्हणाले होते, याला कधी घंटेनं, गजरानं उठवू नका, हातानं उठवा. वसंता त्याच्या पावलावरून हात फिरवून उठवायची. रोज. बारीक काम होतं ते. तिनं एक दिवस चुकवलं नाही.

त्या दिवशी ती कुंभकोणमला लग्नाला गेली होती. पहिली पाळी, पाचला कोपऱ्यावर कंपनीची बस. म्हटलं, सुंदर, तू झोप, मी उठवतो. तेहतीस वर्षं मी दर तीन तासांनी उठून ट्रे कलते केलेत, अंडी एका कुशीवर राहिली की आतलं कवचाला चिकटतं. मला कोण उठवायचं? कारखान्यातलं गजराचं घड्याळ. निवृत्त झालो तेव्हा त्यांनी तेच दिलं मला. आणि म्हातारपणी नेमकी पहाटेच झोप लागते हो. भीती वाटली, आपल्याला जाग आली नाही तर त्याची बस चुकेल. म्हणून चारचा लावला. टॉवेलात गुंडाळला, उशीखाली ठेवला, म्हटलं, मला एकट्याला ऐकू येईल. तो पलीकडच्या खोलीत. मधे भिंत. मी गेलो, पावलावरून हात फिरवला, वसंता फिरवते तसा. पाऊल गरम होतं. मी बराच वेळ फिरवत राहिलो.

झोपेत गेला, असं सगळे म्हणतात. मी कुणाला काही सांगितलं नाही.

म्हणून विचारतो, अम्मा. तुम्ही शिकलेल्या आहात. बशीतलं आधी सुरू झालं ना? मग ते तिकडे ओढलं गेलं, म्हणून इकडे थांबलं — असं होऊ शकतं ना? एकदा म्हणा तसं. खोटं असलं तरी चालेल. मी सही करतो, माझं रक्त घ्या, हवं तेवढं कातडं घ्या. फक्त म्हणा, की गजरानं नाही—

कण्णा?

कधी उठलीस? मी आपला यांच्याशी, जुन्या गोष्टी. डोकं थांबलं का? पाणी देऊ? — तो संमतीचा कागद यांचा आहे, ठेव तो. श्रीनिधी. अग, सही कशाला, आई येऊ दे, आपण तिघं बसून... केलीससुद्धा? शिव्या दे मला, कण्णा.

चपला घालतेय.

ते बेलचं बटण नको दाबूस. वाजायचं नाही ते. कितीही दाबलंस तरी नाही.

...

तुम्ही बसून काय राहिलात, अम्मा? पिशवी उचला. कागद तिच्या हातात आहे, जिना उतरली ती. जा, गाठा तिला. पण पाठीमागून मोठ्यानं हाक मारू नका.