पांढऱ्यातलं पिवळं

मी बुवापाड्यातलीच, वडील एमआयडीसीत हमाली करायचे, दहावी झाले आणि रंगाच्या कंपनीत डबे पुसायला लागले, तर एकदा साहेबांनी रंगवलेले दोन पत्रे समोर धरले, म्हणाले सुनंदा, काही फरक दिसतो का, मी म्हटलं डाव्यात निळं जास्त आहे, बस, तेव्हापासून लॅबमध्ये शेड जुळवते, तीसेक वर्षं झाली. काय सांगू तुम्हाला, कंपनी मालकाची, पण लॅब माझी, माझं टेबल, माझ्या बाटल्या, कोणी हलवल्या तर मला जेवण जायचं नाही. रविवारी कोणी बोलावलेलं नसायचं तरी जायची. पोरीच्या साखरपुड्याला दुपारी पोचले, आमचे हे म्हणाले, आलीस कशाला, पाहुणे निघालेत.

मग मनीषा आली, बेलवलीची, बीएस्सी झालेली, लेकुरवाळी. साहेब म्हणाले हिला शिकवा. शिकवलं, पण अर्धं अर्धं. खोटं कशाला बोलू, भीती वाटायची, हिला सगळं आलं तर मग मी कोण?

त्यातच मला धूसर दिसायला लागलं. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू आहे, ऑपरेशन करा, मी म्हटलं सुट्टी कुठली, लॅब कोण बघणार, आणि कोणाला सांगितलंच नाही. पांढऱ्याची मोठी बॅच होती, मी पास केली. मनीषा हळूच म्हणाली, ताई, पिवळं मारतंय. मी सगळ्यांसमोर ओरडले, तू मला पांढरं शिकवणार का, कर रिपोर्टवर सही. तिने केली. अख्खा माल परत आला, साहेबांनी विचारलं कोणी बघितलं, मी खाली मान घालून म्हटलं, सही तिची आहे. तिला काढलं.

पुढे ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि दवाखान्याची भिंत बघून मला रडायलाच आलं, एवढं पांढरं मी कितीतरी दिवसांत बघितलंच नव्हतं हो, म्हणजे मनीषा बरोबर होती. आठवड्याने बेलवलीला गेले, तिने पाणी दिलं, मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग, साहेबांना सांगितलंत का? नव्हतं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं. साहेबांनी तिला फोन लावला, ती म्हणाली, दुसरीकडे लागले, आता नको.

मला नाही काढलं, जुनी ना मी. सकाळी रिक्षात बसताना वाटतं आज राजीनामा देऊन टाकावा, तरी सगळ्यांच्या आधी मीच पोचते. मनीषाचं तिकडे भलं होवो. तिच्या घरी जाऊन एवढं बोलले बघा, पण मला माफ कर, असं काही म्हटलंच नाही मी.