कांचनबाई गुरुवारी येतात

नाही नाही, बसा ना, जागा आहे. तब्येत ठीक आहे माझी, सिनेमा पण चांगलाच आहे, मीच उठून बाहेर आलो. फोनवर तुम्ही मराठी बोललात म्हणून हाक मारली. पुण्याच्या काय? तरीच. आमचं मराठी जुन्या म्हैसूरचं, मध्ये मध्ये कन्नड शिरतं, मनावर घेऊ नका. मी जगन्नाथराव. आत आमच्या कांचनबाई बसल्यात — मिसेस नव्हे, मिसेस आमची अंबुजा, ती गेल्या वर्षी वारली. कांचनबाई तिची मैत्रीण, दोघी एकाच शाळेत शिकवायच्या. तुम्ही कुठपर्यंत बघितलंत? सिनेमातली ती बाई खाली बसून दुसरीच्या निऱ्या सारख्या करते, तिथपर्यंत? मी तिथंच उठलो. महाराजांच्या काळातल्या बायका त्या, कपडे वेगळे, दागिने वेगळे — पण निऱ्या कांचनबाई अशाच धरायच्या. आमच्या मुलाच्या, गगनच्या लग्नात, मंडपाच्या मागं, अशाच खाली बसलेल्या, आणि अंबुजा वरून त्यांच्याकडं बघत होती. माझ्याकडं तिनं तसं कधी बघितलं नाही. भांडण नव्हतं हं, संसार छान झाला आमचा. पण माणसाला कळतं की नाही? कळतं. मी खाकरलो, पाहुणे आलेत म्हटलं आणि निघालो. आणि अंबुजा गेली त्या दिवशी तिला साडी कुणी नेसवली? कांचनबाईंनीच. डोळ्यांत टिपूस नाही. निऱ्या चापून बसवल्या, जशी काय ती कुठं बाहेर निघालीय.

तेव्हापासून दर गुरुवारी येतात, बस बदलून, हूटगळ्ळीला आमच्या घरी. येतात त्या थेट स्वयंपाकघरात, कॉफी करतात, तिथंच बसतात. मी बाहेर पेपर घेऊन. आणि — कसं सांगू — आत कांचनबाई एकट्याच असतात नोडी, म्हणजे बघा, पण बोलणं दोघींचं ऐकू येतं. खरं सांगतोय. अंबुजाचा आवाज मला ओळखायला येणार नाही होय? शब्द कळत नाहीत, हसणं कळतं. एकदा उठून दारात गेलो. कांचनबाई कपात बघत बसलेल्या, दुसरं कुणी नाही. 'काय पाहिजे हो?' म्हणाल्या. काही नाही म्हटलं, परत आलो. बाकीचे दिवस घर गप्प. दिवा लावताना मी हाका मारून बघितल्यात तिला. माझ्यासाठी नाही येत ती.

आता कांचनबाईंचा भाचा त्यांना बेळगावला नेतो म्हणतोय. वय झालं, एकट्या किती दिवस राहणार, त्याचं पण बरोबर आहे. पण त्या गेल्या की अंबुजा पण — कळलं का तुम्हाला? म्हणून त्यांना विचारणार आहे, आमच्याकडं राहायला या. गगन म्हणतो, 'अप्पा, या वयात? लोक काय म्हणतील?' लोक माझं नाव त्यांच्याशी जोडतील, लोकांना काय माहीत. पण कांचनबाईंना माहीत पाहिजे, की मला माहीत आहे. ते तोंडानं बोलायला जमेना, म्हणून ह्या सिनेमाला घेऊन आलो. आणि बघा, मलाच बसवेना.

आल्या — इतक्यात कशा? बसा कांचनबाई, सिनेमा संपला नाही अजून. — पुढचं बघवेना? मला पण. — हो. मुद्दामच आणलं. — माहीत आहे मला, गगनच्या लग्नापासून. — नाही, अंबुजा कधी बोलली नाही, मी पण विचारलं नाही. — कांचनबाई, बेळगावला जाऊ नका. आमच्याकडं या. स्वयंपाकघराला लागून खोली आहे, मी माझं बाहेरच्या बाजूला असतो. — लोकांचं राहू दे. — काय म्हणालात? — हो. मला पण ऐकू येते ती. — तुम्ही असता तेव्हाच. — नाही, नुसतं हसणं, शब्द लागत नाहीत मला. काय बोलते हो ती? माझं कधी काही —

बरं. नका सांगू. तुमचं दोघींचं ते. पण याल ना?

ताई, तुम्ही आत जा आता. ह्यांना जरा रडू दे.